मोर जवान की मोठा?

आजची गोष्ट माझ्याच चुकीची आहे.

दिवाळीत गावी गेलो होतो, सेलू तालुक्यात. बोरधरणाच्या बाजूला एक मोर दिसला: निळी मान, तुरा, पण पिसारा नाही. फोटो ग्रुपवर टाकला. कोणीतरी लिहिलं, "पिसं उपटली याची!" आणि लगेच संशय पिसं विकणाऱ्या गुराख्याच्या पोरावर. मोराच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आहे, हो.

मी पोराची बाजू घेतली, "अरे, हा दोन वर्षांचा असेल, पिसारा यायचाच आहे." एकाने फोटो झूम करून दाखवला: पायामागे लांब, टोकदार काटा. जवान मोराचा काटा आखूड असतो. म्हणजे हा मोठाच! माझ्यामुळे पोरगं जास्तच अडकलं.

मग मामांना विचारलं. "अबे, पावसाळा सरला का पिसारा गळते! उन्हाळ्यालोक पुन्हा येते."

पहिल्या वर्षी नर लांडोरीसारखाच दिसतो, फक्त पंख तांबूस. भरगच्च पिसाऱ्याला चौथं वर्ष उजाडतं. पण दिवाळीत पिसाऱ्यावरून वय सांगू नका, पाय बघा.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं. पोराला सॉरी म्हणायला मात्र कोणी गेलं नाही. मी उद्या जातोय.