तो सूर माझा फाटला होता



"आता आपल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर बाई बोलतील" अशी घोषणा होताच मागच्या रांगेतल्या मंडळींनी मोबाइल बाहेर काढले, ते मी पाहिलं. घाबरू नका, कॉम्प्युटरवर बोलणार नाही. एका वाद्याबद्दल बोलणार आहे आणि शेवटी एक कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी ऑफिसच्या एका रात्रीच्या कॉलनंतर झोप येईना, म्हणून हेडफोन लावून बसले. ऐकता ऐकता रादेक बाबोराक या चेक हॉर्नवादकाचा अल्बम लागला. हा गृहस्थ बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख हॉर्नवादक होता, म्हणजे शंभरेक वादकांच्या ताफ्यातला. इथे मात्र तो एकटाच. साथीला पियानो नाही, दुसरा हॉर्नही नाही. वाजवतो काय, तर बाखने १७२०च्या सुमारास एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सुइट्स.

चेलोचा गज चालत राहतो, त्याला दम लागत नाही. दोन-तीन तारा एकत्रही वाजवता येतात. हॉर्नमधून एका वेळी एकच सूर निघतो. त्यामुळे जिथे चेलो एकदम तीन सूर देतो, तिथे याला ते एकामागून एक मांडावे लागतात आणि मध्येच श्वासही चोरावा लागतो.

हॉर्न म्हणजे गोल गुंडाळलेली साधारण बारा फुटांची नळी. चाव्यांवर डावा हात, उजवा हात मागच्या कर्ण्यात. वरचे सूर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ जरा सैल पडले तर शेजारचाच सूर लागतो. म्हणून ऑर्केस्ट्रात प्रमुख हॉर्नवादकाच्या जोडीला बरेचदा एक मदतनीस बसवतात. त्याच्या ओठांना विसावा मिळतो. या अल्बममध्ये तो मदतनीस नाही. स्टुडिओत चुकलेलं पुन्हा वाजवता येतं, हे मला माहीत आहे. आमचा तर धंदाच दुरुस्तीचा. पण जे ऐकू येतं ते बरं असो, वाईट असो, सगळं त्या एकाच माणसाचं.

हे ऐकताना मला आपलं मैदान आठवलं. २६ जानेवारी १९९४, आपण नववीत. बँडपथकात आम्ही चौघी बिगूलवाल्या. बिगुलाला चाव्याही नसतात, ओठांवर निघतील ते पाच सूर. ऐन ध्वजवंदनाच्या वेळी त्यातला एक असा फाटला की सगळं मैदान फिस्सकन हसलं. नंतर सरांनी विचारलं, "कोण होतं?" कुणीच बोललं नाही. मग सरांची नजर टोकाच्या मुलीवर थांबली. ती बोलणी खाऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बिगूल परत करून आली. पुन्हा कधी तिने तो हातात घेतला नाही.

चौघींत लपणं सोपं होतं. पुढे नोकरीत "आमच्या टीमकडून राहून गेलं" हे वाक्यही मी फार सफाईने म्हणायला शिकले. त्या रात्री तो एकटा हॉर्न ऐकताना मात्र माझं मलाच ते ऐकवेना.

सर, आपण समोरच बसला आहात. तो सूर माझा फाटला होता.

आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणी, तुझं नाव मुद्दामच घेत नाही. तीस वर्षांहून जास्त उशीर झाला. माफी माग म्हणून कुणी सांगितलेलं नाही, मलाच मागायची आहे. चहाच्या वेळी तुला जे बोलायचं असेल ते बोल, मी उभी राहून ऐकेन. आणि शाळेच्या कपाटात तो जुना बिगूल अजून आहे, असं शिपाईमामांकडून कळलंय. तुझी हरकत नसेल तर पहिली फुंकर तू मार.