बाळ डोके आपटते तेव्हा
(महिला शाखेच्या पालकसभेत केलेले भाषण)



दवाखान्यात आम्हां डॉक्टरांना हा प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारला जातो. तापाचे, लसीचे बोलणे संपते, आई दारापर्यंत जाते आणि परत वळून म्हणते, "रात्री झोपताना हा डोके आपटतो." सोबत आजी असल्या तर निदान घरीच झालेले असते: एक तर दृष्ट लागली, नाहीतर आईने लाडावून ठेवले.

दोन्ही खरे नाही. ही सवय साधारण ६ ते ९ महिन्यांच्या सुमारास लागते, दीड-दोन वर्षांच्या वयात जास्त दिसते आणि बहुतेक मुलांची ३-४ वर्षांपर्यंत आपोआप सुटते. मुलग्यांत प्रमाण अधिक. आपण पाळण्याला झोका देतो, मांडीवर थोपटतो. त्यात ताल असतो. तोच ताल मूल स्वतः धरते आणि झोपेकडे सरकते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, मूल मात्र शांत असते. एरवी निरोगी असलेले मूल स्वतःला मोठी इजा होईल इतक्या जोराने सहसा आपटत नाही.

म्हणून रात्री एवढेच करा: पाळणा किंवा पलंग भिंतीपासून सरकवा, त्याचे स्क्रू घट्ट करा. वर्षाच्या आतल्या बाळाभोवती उशा-लोड रचू नका. डोक्यापेक्षा श्वास कोंडण्याचा धोका मोठा. झोपेची वेळ, दिवा मंद करणे, एखादे गाणे, हा क्रम रोज तोच ठेवा. गणपतीत आपले कार्यक्रम उशिरापर्यंत चालतात, मुलांची झोप मोडते आणि मग आपटणे वाढलेले दिसते. विसर्जनानंतर जुनी वेळ धरली की बहुधा कमी होते. दिवसा टाळ्या, झोका, पालथा डबा वाजवणे असले खेळ भरपूर द्या.

हट्टाच्या वेळचे आपटणे वेगळे. दीड वर्षाच्या मुलाला राग येतो, पण तो सांगायला शब्द नसतात. डोके आपटले की मोबाइल मिळतो, हे त्याला लवकर कळते. आई ठाम राहिली तरी आजोबांच्या खिशात गोळी असतेच! (आजोबांनी रागावू नये.) अशा वेळी मुलाला फरशीवरून चटईवर घ्या, जवळ बसा, ओरडू नका, आणि मागितलेली वस्तू त्या क्षणी देऊ नका. शांत झाले की कुशीत घ्या. आणि आपटणे अचानक सुरू झाले असेल, सोबत ताप असेल, मूल कान ओढत असेल, तर आधी कान तपासून घ्या.

आता ज्यासाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत ते. मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, हवे ते बोटाने दाखवत नाही, १६ महिन्यांचे होऊनही एक शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले; खेळ सोडून दिवसभर आपटते, जखमा करून घेते. यांतले काहीही दिसले तर वाट पाहू नका. आपल्या घरांत एक सबब हमखास ऐकू येते: "घरी मराठी, बाहेर हिंदी, म्हणून बोलायला उशीर." दोन भाषांमुळे मूल हाकेला वळायचे थांबत नाही, बोट दाखवायचेही थांबत नाही. या सबबीत महत्त्वाची वर्षे जातात. उलट कोणी घाबरून घरातली मराठी बंद करतात. त्याचीही गरज नाही. खाजगी तपासणी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी व्यवस्थेत ती मोफत होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आणि येताना मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे चित्रण घेऊन या. आमच्यासमोर बसल्यावर मूल काही डोके आपटून दाखवत नाही.