यंत्राचें वाक्यपृथक्करण

शाळेंत वाक्यपृथक्करण न केलेला श्रोता विरळाच. उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, विशेषण कोणाचें, हें ठरल्याशिवाय वाक्याचा अर्थ लागत नाहीं. संगणकासही हाच अभ्यास करावा लागतो. मनुष्यानें लिहिलेली आज्ञावली ही त्याच्या लेखीं केवळ अक्षरांची एक लांबलचक माळ असते. तिचा अर्थ तो दोन पायऱ्यांनीं लावतो.

पहिल्या पायरीवर अक्षरें जोडून शब्द, अंक व चिन्हें वेगळीं केलीं जातात. दुसरीवर त्या सुट्या पदांचे संबंध जुळवून एक वृक्ष उभारला जातो. गीतेंतील अश्वत्थाप्रमाणें तो उलटा असतो. ‘२ + ३ × ४’ हें उदाहरण घ्यावें. गुणाकाराचें बंधन बेरजेहून घट्ट, म्हणून ३ व ४ हीं पानें प्रथम गुणाकाराच्या फांदीस लागतात. ती फांदी आणि २ हीं मिळून बेरजेच्या मुळाशीं जोडलीं जातात. उत्तर १४ येतें. वृक्ष निराळा बांधला असता, तर तेंच २० आलें असतें. अक्षरें तींच; अर्थ मात्र वृक्षाचा.

असें व्याकरण नेमक्या सूत्रांत मांडण्याची जॉन बॅकस यांची पद्धति १९६० सालीं आल्गोल भाषेच्या वृत्तांतांत वापरली गेली. त्या पद्धतीस पाणिनीचेंही नांव जोडावें, असें पीटर इंगरमन यांनीं १९६७ सालीं सुचविलें.

मनुष्य मांडणी पाहतो, यंत्र वृक्ष पाहतें. या दोहोंत अंतर पडल्यास काय होतें, हें फेब्रुवारी २०१४ मध्यें दिसून आलें. ॲपल कंपनीच्या एका आज्ञावलींत ‘जर’खालील ‘अपयशाकडे जा’ ही ओळ दोनदां पडली होती. दोन्ही ओळी समासापासून सारख्याच आंत घेतलेल्या, त्यामुळें दोन्ही त्या ‘जर’च्याच वाटत. परंतु सी भाषेंत कंस नसतां ‘जर’च्या फांदीस एकच विधान बसतें. दुसरी ओळ फांदीबाहेर राहिली आणि अट न जुळली तरीही अमलांत आली. पुढील सहीची पडताळणी टळली आणि तरीही सर्व ठीक असल्याचा निर्वाळा मिळूं लागला. जाळ्याच्या वाटेवर बसलेल्या भामट्यास दुसऱ्याचें सोंग घेऊन लोकांचा गुप्त व्यवहार वाचणें त्यामुळें शक्य झालें होतें.

पायथन भाषेंत समासापासूनचें अंतर हाच व्याकरणाचा भाग असल्यानें त्या दोन्ही ओळी एकाच फांदीस लागल्या असत्या. सी भाषेसाठींही उपाय निघाला. २०१६ सालच्या जीसीसी या भाषांतरकाच्या सहाव्या आवृत्तींत, मांडणी एक सांगते व वृक्ष दुसरें, असें आढळल्यास लेखकास इशारा देण्याची सोय झाली. पूर्वीं विद्यार्थ्याच्या वहींत गुरुजी जी लाल खूण करीत, ती आतां यंत्र मनुष्याच्या लेखनांत करूं लागलें आहे.