आमचा डबा, त्यांची तिजोरी
(नागपूरच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईचा गोदी कामगार. मॅट्रिक झालेला. कविता लिहितो. अर्थशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, पण मोजणी कळते.

गोदीच्या फाटकावर रोज आमचा डबा उघडून बघतात. खिसे चाचपतात. एक गोण कमी भरली की त्याच पाळीत मुकादम टोळीला धरतो. देखरेख कशाला म्हणतात ते आम्हाला सांगू नका. आम्ही रोज तिच्यातून जातो.

आता तुमच्या नागपूरचं घ्या. २००१-०२ साली नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं होम ट्रेड आणि इतर दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले. म्हणजे पैसे दिले. रोखे आलेच नाहीत. सुमारे १५० कोटी! गोदीतला साधा टॅली क्लार्क माल मोजल्याबिगर सही करत नाही. आणि रोख्यांचा असाच खेळ हर्षद मेहतानं १९९२ सालीच देशाला दाखवला होता.

राखणदार नव्हते काय? तीन होते! बँकिंगचा कायदा रिझर्व्ह बँकेचा, तपासणी नाबार्डची, सहकाराचा कायदा राज्याच्या निबंधकाचा. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पहाऱ्याचा भरवसा. निबंधकाच्या वर मंत्री, आणि बँकेत बसतात तेही पुढारीच. ज्याच्यावर नजर ठेवायची, तोच नजर ठेवणाऱ्याचा साहेब!

गुन्हा २००२ साली दाखल. निकाल २२ डिसेंबर २०२३ ला. एकवीस वर्षं! तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी, पाच वर्षं सक्तमजुरी. मधल्या काळात केदार आमदार होते, २०१९ ला मंत्रीही झाले. जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टातून जामीन मिळाला. अपिलाचं कोर्ट बघेल. माझा सवाल राखणदारांना आहे.

कुणी म्हणेल, बँक जमीनवाल्यांची, आपलं काय गेलं? गावच्या सोसायटीतून पीककर्ज येतं ते याच बँकेतून. कर्ज थांबलं की शेतकरी सावकाराच्या दारात जातो, आणि घरी येऊन पहिली कात्री लावतो ती कापूस वेचणाऱ्या बाईच्या मजुरीला. सभासदांच्या यादीत तिचं नाव नाही. नुकसानीत मात्र ती पहिली.

म्हणून दोस्तांनो, नुसत्या घोषणांनी भागणार नाही. २००५ पासून माहितीचा कायदा आहे. निबंधकाच्या दारात अर्ज टाका. तपासणीत काय दिसलं, कधी दिसलं, फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, विचारा. हिशेब मागायला पदवी लागत नाही.

आमचा डबा रोज उघडा असतो. आता तिजोरी उघडा!