अमेरिकेतील ब्युटीशियनचा परवाना : परीक्षेची तयारी
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



एमपीएससी, बँक, मेडिकलचे प्रवेश याविषयी या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. आज पार्लरच्या परीक्षेवर व्याख्यान आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतील काही बंधूंना हसू आलेले मला दिसले. हसू द्या. परंतु याच सभागृहात कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड करणाऱ्या मुली बसल्या आहेत आणि त्यांतील काहीजणी लग्न होऊन परदेशी जाणार आहेत. त्यांच्यासाठी मी बोलणार आहे.

आपल्याकडे आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड केलेली मुलगी दुकानाची नोंदणी करून पार्लर उघडू शकते. ट्रेड न केलेलीही उघडू शकते, कारण काम करणाऱ्या व्यक्तीने परवाना घेतलाच पाहिजे असा नियम इथे नाही. अमेरिकेत तसे चालत नाही. पैसे घेऊन फेशियल किंवा वॅक्सिंग करायचे तर बहुतेक सर्व ठिकाणी राज्य सरकारची परवानगी लागते. त्वचेचे काम करणाऱ्यास तिथे एस्थेटिशियन म्हणतात. नखांच्या कामाचा परवाना वेगळा असतो.

शिवाय प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. फ्लोरिडात २२० तासांचे शिक्षण पुरते आणि राज्याची परीक्षा नाही. कॅलिफोर्नियात ६०० तास लागतात, टेक्ससमध्ये ७५०, जॉर्जियात १०००. म्हणून सासर अमेरिकेत आहे एवढे कळून भागत नाही. कोणत्या राज्यात, ते विचारा. इथल्या शिक्षणाचे तास काही राज्ये कागदपत्रे तपासून धरतात, काही धरत नाहीत. तेव्हा प्रमाणपत्राबरोबर अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील संस्थेच्या शिक्क्यानिशी इथूनच घेऊन जा. तिकडे गेल्यावर तो मागवणे फार जिकिरीचे होते. आणखी एक गोष्ट पालकांनीही ऐकावी. परवाना मिळाला म्हणजे नोकरी करण्याचा हक्क मिळाला असे नाही. तो व्हिसावर अवलंबून असतो. दोन्ही कागद हवेत.

हे सारे कशासाठी? माझ्या ओळखीची एक बाई आहे. हात इतका हलका की गिऱ्हाईक तिचे नाव घेऊन येई. परंतु परवाना नव्हता. मालकिणीने दोन महिन्यांचा पगार थकवला आणि वर सांगितले, तक्रार करायची तर कर, आधी तुझाच परवाना विचारतील. ती गप्प बसली. चाळिशी उलटल्यावर तिने शाळेत नाव घातले, परीक्षा दिली. पहिल्या खेपेस लेखी परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या खेपेस पास झाली. ती का नापास झाली ते सांगते, कारण त्यात तुमच्या कामाचे बरेच आहे.

तिला विषय येत होता. प्रश्न वाचता येत नव्हता. इंग्रजी प्रश्नात मध्येच 'एक्सेप्ट' हा शब्द असतो : पुढीलपैकी कोणते सोडून सगळे बरोबर? किंवा 'फर्स्ट' असतो : सर्वांत आधी काय कराल? चारही उत्तरे बरोबर दिसतात, विचारलेले असते पहिले पाऊल. अशा प्रश्नांचा सराव वेगळा करावा लागतो. मराठीतून समजून घ्या, मात्र पारिभाषिक शब्द इंग्रजीतच पाठ करा. कॉस्मेटॉलॉजीच्या राज्य मंडळांची एक आंतरराज्य परिषद आहे, तिची प्रश्नपत्रिका अनेक राज्ये वापरतात. तिची माहितीपुस्तिका फुकट मिळते. कुणी पैशाला विकू लागला तर घेऊ नका.

लेखी परीक्षेचा मोठा भाग शास्त्राचा असतो. त्यातही स्वच्छतेवर भर फार. साफ करणे, निर्जंतुक द्रावणात बुडवणे आणि पूर्ण निर्जंतुकीकरण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. साबणपाण्याने धुतल्याशिवाय वस्तू द्रावणात टाकली तर द्रावण काम करत नाही. द्रावणात ती पूर्ण बुडाली पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, पुष्कळदा दहा मिनिटे, भरला पाहिजे. आपल्या पार्लरांत चिमटा कपड्याला पुसून पुढच्या बाईच्या भुवईला लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वॅक्सची काडी एकदा त्वचेला लागली की ती पुन्हा भांड्यात बुडवायची नाही, टाकून द्यायची. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.

त्यानंतर त्वचा. बाह्यत्वचेचे पाच थर क्रमाने यायला हवेत आणि त्यांतला लुसिडम हा थर तळहात-तळपाय येथील जाड त्वचेतच असतो, हे विसरू नका. मग फिट्झपॅट्रिकचे सहा प्रकार. या डॉक्टरांनी १९७५ साली उन्हाने भाजणारी व काळवंडणारी त्वचा पाहून वर्गीकरण केले, ते गोऱ्या त्वचेपुरते होते. सावळ्या व काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडले गेले. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा चौथ्या-पाचव्यात येते. अशा त्वचेला जोरकस पील लावले तर डाग पडून महिनोन्‌महिने राहतात. पाठ करण्यापेक्षा आरशात बघून हे शिकावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला वॅक्स लावायचे नाही, कारण त्वचा सोलून निघते. म्हणून आधी विचारायचे आणि लिहून घ्यायचे.

कॅलिफोर्नियाने २०२२ पासून प्रात्यक्षिक परीक्षा काढून टाकली, पण ती घेणारी राज्ये आहेत. तिथे कौशल्याइतकीच शिस्त पाहतात. पेटीतल्या बाटल्यांवर इंग्रजीत लेबल, वापरलेल्या वस्तूंची पिशवी वेगळी, कचऱ्याची वेगळी. वस्तू जमिनीवर पडली तर घाबरायचे नाही : ती उचलून वापरलेल्यांत टाका, हात निर्जंतुक करा, दुसरी घ्या. रक्त आले तर काय कराल, हेही करून दाखवावे लागते. घरी बहिणीला झोपवून घड्याळ लावून सराव करा आणि तिला चुका मोजायला सांगा. बहिणी आनंदाने मोजतात.

थ्रेडिंगबद्दल विद्यार्थिनींनी आधीच चिठ्ठी पाठवली आहे. टेक्ससमध्ये दोऱ्याने भुवया करणाऱ्यांनाही ७५० तासांची सक्ती होती. अशिष पटेल व इतर काही जण न्यायालयात गेले. जून २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती राज्यघटनेविरुद्ध ठरवली. त्या तासांतले ३२० पर्यंत तास थ्रेडिंगशी संबंधितच नव्हते, हे न्यायालयाने नोंदवले. आपल्या गल्लीतला दोरा इतक्या लांब जाऊन घटनेचा प्रश्न झाला, याचे मला कौतुक वाटते. परंतु हा निकाल टेक्ससचा आणि दोऱ्यापुरता आहे. वॅक्सचे भांडे उघडले की परवाना आलाच, आणि नुसत्या भुवयांपेक्षा फेशियलला पैसे जास्त मिळतात.

ज्यांचे जायचे राज्य ठरले आहे त्यांनी सभेनंतर थांबावे. त्या राज्याच्या मंडळाचे नियम कसे शोधायचे आणि अर्ज कसा भरायचा, ते आपण एकत्र बसून पाहू.