नाडी लागत नाही, पण काका चहा मागतायत

एलव्हॅड, म्हणजे हृदयातला पंप, बसवलेला पेशंट मी पहिल्यांदा तपासला, तर नाडीच लागेना. काका मात्र मजेत चहा मागत होते. हा पंप रक्त सलग ढकलतो ना, म्हणून.

खरी गोम पुढे आहे. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये एरवी माणूस काही सेकंदांत कोसळतो. पंपवाला शुद्धीत राहू शकतो. पण पंप फक्त डाव्या बाजूला. उजवा कप्पा नुसता थरथरत असेल, तर पंपापर्यंत रक्त पोचणार कसं? फ्लो घसरतो, अलार्म वाजतो.

कधी अंगात पाणी कमी पडलं, की डावा कप्पा रिकामा होतो, त्याची भिंत पंपाच्या तोंडाला चिकटते आणि त्यानंही ठोके बिघडतात.

घरच्यांना मी एवढंच सांगतो: धडधड, चक्कर, आयसीडीचा शॉक, काहीही झालं तर ‘बोलतोय की अजून’ म्हणत बसू नका. लगेच पंपाच्या टीमला फोन लावा.