गीत, ग्रंथ आणि बोलपट यांतील श्रद्धा



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी गीत, ग्रंथ व बोलपट यांत श्रद्धा कशी प्रकट होते, याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली. मी पंडित नव्हे. परंतु या तिघांनीही माझ्या श्रद्धेला आधार दिला आहे, तेवढ्याच अधिकाराने बोलतो.

जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? फादरांनी ही तक्रार गाळली नाही. उलट, तिच्या उत्तरादाखलच त्यांची ओवी वाहू लागली.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पती नारायण वामन १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्या दुःखाने व्याकूळ झाल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यापूर्वीचा संताप आणि मनाची ओढाताण त्यांनी ग्रंथात मुळीच झाकली नाही. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. तरी ही प्रामाणिकता आपणांसही वंद्य होय. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे याच बाईंनी पुरे केले!

आता बोलपट. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली निघाला व १९३७ साली व्हेनिस येथे गौरविला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम सर्वांनाच ठाऊक आहे. माझ्या मनात मात्र गौरी यांनी साकारलेली आवली ठसली आहे. संसाराच्या ओझ्याने वाकलेली ती नवऱ्याला रागे भरते, विठोबावर चिडते आणि तरीही नवऱ्यासाठी भाकर घेऊन जाते. तिच्यावाचून तुकारामांची भक्ती आपणांस इतकी खरी वाटली असती काय?

सज्जनहो, या तिन्ही कृतींत शंकेला व दुःखाला जागा आहे. म्हणूनच त्यांतील श्रद्धा पोकळ वाटत नाही.

हे सांगण्यास कारण आहे. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा, तसाच कर्जापायी कर्ता पुरुष गमावलेल्या अनेक घरांचाही. अशा घरातील माउली मिस्सेला येऊन मागच्या बाकावर बसते, तेव्हा आमचा गायकवृंद केवळ आनंदाचीच गीते आळवीत असेल, तर तिने कोणत्या गीतात आपला सूर मिळवावा? स्तोत्रसंहितेत आक्रोशाची स्तोत्रे थोडीथोडकी नाहीत, आणि प्रभू येशूने क्रुसावर प्राण सोडताना त्यांतीलच शब्द उच्चारले.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, आपल्या तरुणांनी नवी गीते रचावीत, नाटके बसवावीत. परंतु त्यांत त्या माउलीचा प्रश्नही येऊ द्यावा. उत्तर लगेच सुचले नाही तरी चालेल. तिच्याबरोबर गाण्यास आपण तयार आहोत, एवढे तिला कळले तरी महोत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो.